डोकं आईच्या मांडीवर, हात आजीच्या हातात

«ताई, नमस्कार. आम्ही चोपडा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. माझा मुलगा २० महिन्यांचा आहे, वर-खाली मिळून १४ दात आलेत. ब्रश दिसला की तो ओठ गच्च मिटतो, मान फिरवतो, नाहीतर ब्रशच चावून धरतो. मग एवढा रडतो की शेजारच्या काकू विचारायला येतात. मागच्या महिन्यात मी रागाच्या भरात धरून दात घासले, तर हिरडीतून रक्त आलं. तेव्हापासून मलाच भीती वाटते. सासूबाई म्हणतात, ‘दूधना दात पडनारच शेतस, कशाले पोऱ्याले रडावस?’ मिस्टर सुरतला कामाला आहेत, पंधरा दिवसांनी येतात. रात्री बाळ साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात धरूनच झोपतो. परवा त्याच्या वरच्या पुढच्या दातांवर, हिरडीला लागून पांढरी रेघ दिसली. दात किडायला लागलेत का? आणि घासायचे तरी कसे?»

ताई,

आधी त्या पांढऱ्या रेघेबद्दल बोलते. तुम्ही ती शेवटी लिहिलीत, पण झोप तिनेच उडवली आहे हे पत्रातून कळतंय.

उद्या सकाळी अंगणात, चांगल्या उजेडात, बाळाला मांडीवर आडवं घ्या. वरचा ओठ अंगठ्याने हलकेच वर करा. धुतलेल्या मऊ सुती कापडाचा तुकडा बोटाला गुंडाळून पुढचे चार दात पुसून कोरडे करा आणि हिरडीची कड नीट बघा. रेघ कापडाला लागून निघून आली, तर तो दातावर बसलेला चिकट थर आहे, कीड नाही. पुसूनही ती तशीच राहिली, खडूसारखी निस्तेज दिसली आणि बाकीचा दात मात्र चमकतोय, तर ती किडीची पहिली पायरी आहे.

पहिली पायरी म्हणजे खड्डा नव्हे. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताच्या वरच्या कवचातली खनिजं ओढून घेतं. जिथली खनिजं गेली तेवढी जागा पांढरी दिसते. या टप्प्यावर रात्रीची साखर थांबली आणि रोज फ्लोराइडच्या पेस्टने घासणं सुरू झालं, तर खनिजं परत बसतात आणि दात सावरतो. ताई, तुम्ही वेळेत पाहिलंत. माझ्या दातांच्या दवाखान्यात येणारी बहुतेक मुलं ही रेघ तपकिरी होऊन दाताचा कोपरा उडाल्यावर येतात. तुमच्याकडे रेघ तपकिरी झाली, नखाला खडबडीत लागली किंवा खड्डा दिसला, तर मात्र त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.

वरच्याच दातांना का, तर बाटली तोंडात असते तेव्हा खालच्या पुढच्या दातांवर जीभ येते आणि लाळही तिथेच जास्त साचते. वरच्या दातांना कोणाचाच आडोसा नाही. दूध त्यांच्याभोवती थांबून राहतं. झोपेत लाळ फार कमी सुटते, त्यामुळे ते धुऊनही जात नाही.

डागांचं निघालंच आहे तर अजून एक सांगून ठेवते. आशाताई लहान मुलांना लोहाचं सिरप देतात, आठवड्यातून दोनदा १ मिलीलिटर. त्याने दातांवर काळपट डाग पडतात. कित्येक आया ‘औषधाने दात किडले’ म्हणून ते बंद करतात. ते डाग वरवरचे असतात. सिरप जिभेच्या मागच्या बाजूला सोडा, वरून दोन घोट पाणी पाजा, पण बंद करू नका.

आता सासूबाईंच्या म्हणण्याकडे येते. दूधना दात पडनारच शेतस, हे खरं आहे. पण कधी पडतात, ते त्यांना सांगा. पुढचे दात साधारण सहाव्या-सातव्या वर्षी पडतात. मागच्या दाढा मात्र दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात असतात. तुमच्या बाळाला आत्ता ज्या पहिल्या दाढा आल्यात, त्यांच्यावर तो चौथी-पाचवीत जाईपर्यंत कळण्याची भाकरी चावणार आहे. आणखी दाढा अजून यायच्या आहेत. अडीच-तीन वर्षांपर्यंत सगळे मिळून २० दात होतील. या प्रत्येक दाताच्या मुळाशी पक्क्या दाताचा कोंब तयार होत असतो. दुधाचा दात किडून मुळाशी पू झाला, तर त्या कोंबालाही इजा होऊ शकते. दुधाची दाढ वेळेआधी काढावी लागली, तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि पक्का दात वाकडातिकडा येतो.

रावेरकडचा चार वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आला होता. आजीसोबत आला होता, कारण आई केळीच्या बागेत कामाला गेली होती. आजी म्हणाल्या, पोरगं सहा महिन्यांपासून जेवायला त्रास देतं, भाकरी घेत नाही, फक्त वरणात कुस्करलेलं गिळतं. मी त्याला पोळीचा तुकडा दिला. त्याने तो उजव्या गालात ठेवला, जिभेने भिजवला आणि न चावता गिळला. डावी बाजू त्याने वापरलीच नाही. डावीकडे खाली दोन दाढांच्या जागी नुसती कड उरली होती आणि हिरडीवर पुळी होती. घरचे त्याला हट्टी समजत होते. लेकरू दुखणं चुकवून जेवायला शिकलं होतं. हे सासूबाईंना सांगा. ‘डॉक्टर म्हणतात म्हणून’ असं ऐकवू नका. त्या मुलाचं खाणं कसं चाललं होतं, तेवढं सांगा. नातवाच्या पोटात घास जात नाही, ही गोष्ट कुठल्याही आजीला लगेच लागते.

आणि ताई, सासूबाई तुमच्या विरोधात आहेत असं समजू नका. मला तर या कामात त्याच हव्या आहेत.

तुमचं बाळ दीड-दोन महिन्यांचं होतं, तेव्हा त्याला न्हाऊ कोण घालत होतं? बहुतेक सासूबाईच, नाहीतर माहेरी तुमची आई. पाटावर बसून, पाय लांब करून, बाळ पायांवर उपडं घेऊन, तेल जिरवून गरम पाण्याचे तांबे. बाळ तेव्हा रोज रडलं असणार. पण ते रडतंय म्हणून कोणी आंघोळ बंद केली का? कोणी रागावलं का? हात थरथरले का? ठरलेली वेळ, पक्की पकड, तोंडाने काहीतरी गुणगुणणं, आणि दहा मिनिटांत दुपट्यात गुंडाळलेलं बाळ आईच्या कुशीत. काही दिवसांनी तेच बाळ पाणी अंगावर पडताच शांत व्हायला लागतं.

दात घासणं असंच धरून चाला. बाळाची परवानगी मागायची नाही आणि त्याच्याशी भांडायचंही नाही. तुमच्या पत्रातलं जे रक्त आहे, ते रागाच्या भरात आलं. राग आला की हात जड होतो. आणि दोन महिन्यांच्या बाळाला न्हाऊ घालताना मन जसं शांत असतं, तसं २० महिन्यांच्या पोराशी राहत नाही, कारण तो आता ‘नाही’ म्हणतो आणि ते ‘नाही’ आपल्याला लागतं. त्या वयात सगळीच मुलं ‘नाही’ म्हणतात. चड्डी घालायलाही म्हणतात. तुमचं काही चुकतंय म्हणून नव्हे.

तर आज रात्री असं करा. तुम्ही आणि सासूबाई समोरासमोर बसा, गुडघ्याला गुडघा लावून. खाटेवर बसा किंवा खाली सतरंजीवर. बाळाला सासूबाईंच्या मांडीवर, त्यांच्याकडे तोंड करून बसवा, त्याचे पाय त्यांच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना. मग त्याला हळूच मागे झोपवा, म्हणजे डोकं तुमच्या मांडीवर येईल. त्याला आजीचा चेहरा दिसत राहतो, त्याचे दोन्ही हात आजीच्या हातात असतात, आणि तुम्हाला वरून सगळे दात अगदी ताटात वाढल्यासारखे दिसतात. उभ्या पोराच्या समोर वाकून घासताना यातला एकही दात नीट दिसत नाही. निम्मी झटापट तिथेच होते.

सासूबाई शेतात किंवा कुठे लग्नाला गेल्या असतील, तर एकटीने भिंतीला टेकून बसा, पाय पसरा, बाळाचं डोकं तुमच्या दोन मांड्यांच्या मध्ये येऊ द्या. त्याचे हात तुमच्या मांड्यांखाली हलकेच अडकवले की दोन्ही हात तुम्हाला मोकळे.

आता ब्रश. डोकं लहान, केस मऊ. सुरुवात वरच्या पुढच्या दातांपासून करा, कारण तीच जागा सर्वात धोक्यात आहे आणि बाळ किती वेळ थांबेल याचा भरवसा नाही. वरचा ओठ उचललात की मधोमध हिरडीला जोडणारा कातडीचा एक पातळ पडदा दिसेल. त्याला ब्रश लागला की झणझणीत दुखतं, आणि एकदा दुखलं की दुसऱ्या दिवशी पोर तोंडच उघडत नाही. माझा अंदाज आहे की तुमच्याकडे त्या दिवशी हेच झालं असावं. म्हणून डाव्या हाताची तर्जनी त्या पडद्यावर आडवी ठेवा आणि ब्रश बोटाच्या खालून चालवा. आडवं खसाखसा नाही. हिरडीच्या कडेला ब्रश टेकवून छोटे छोटे गोल. वरचे पुढचे झाले की वरच्या दाढा, मग खालच्या, सर्वात शेवटी खालचे पुढचे. त्याने ब्रश चावून धरला तर ओढू नका. दुसऱ्या हाताचं बोट गालाच्या आतून, दातांच्या बाहेरच्या बाजूने पार मागे न्या, शेवटच्या दाढेच्या मागे हिरडीवर हलकं दाबा. तोंड उघडतं. पहिल्या आठवड्यात अर्धं मिनिट झालं तरी पुष्कळ. हळूहळू दोन मिनिटांपर्यंत जा.

तो रडेल. रडताना तोंड उघडं असतं आणि मागच्या दाढा तेव्हाच घासून होतात. रडण्याला घाबरू नका, पण उमासे येऊ लागले, घुसमटल्यासारखा झाला, तर लगेच उठवून बसवा, पाठ थोपटा, त्या वेळेपुरतं तिथेच थांबवा. झालं की लगेच छातीशी घ्या. ‘झालं माझ्या राजाचं’ एवढं म्हणा. बिस्किटाची लाच नको. माझ्या अनुभवात, रोज एकाच वेळी, एकाच जागी केलं तर बहुतेक मुलं दोन-तीन आठवड्यांत निवळतात. एक दिवस केलं, चार दिवस सोडलं, तर मात्र प्रत्येक दिवस पहिलाच दिवस होतो.

हिरडीतून थोडं रक्त पुन्हा आलं तर थांबू नका, हात हलका करा. दातांवर चिकट थर साचला की हिरडी सुजते आणि सुजलेली हिरडी लगेच रक्त सोडते. नीट घासलं जायला लागलं की आठवड्या-दोन आठवड्यांत ते थांबतं. तरीही थांबलं नाही तर दाखवून घ्या.

पेस्टबद्दल लोक फार घाबरवतात, म्हणून स्पष्ट लिहिते. तीन वर्षांपर्यंत ब्रशवर तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर पट्टी लहान मुलांसाठी नसतेच. ट्यूबच्या मागे फ्लोराइड किती आहे ते ‘पीपीएम’मध्ये लिहिलेलं असतं. आपल्याकडे १००० ही कायद्याने घातलेली वरची मर्यादा आहे, आणि घ्यायची पेस्ट साधारण तेवढ्याचीच घ्यावी. ‘लहान मुलांसाठी’ म्हणून कार्टूनचं चित्र असलेल्या कित्येक पेस्टमध्ये फ्लोराइड अजिबात नसतं. चव गोड, उपयोग थोडा. तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट गिळली गेली तरी पोटात जाणारं फ्लोराइड मिलिग्रॅमच्या दहाव्या भागाएवढं असतं. त्याला थुंकता येत नाही म्हणून पेस्ट टाळू नका. झाल्यावर फेस ओल्या कापडाने पुसा, चूळ भरायला लावायची गरज नाही. ट्यूब मात्र फडताळात वर ठेवा, ती खेळायला द्यायची वस्तू नव्हे. फ्लोराइडने दात पिवळे-तपकिरी होतात असं जे ऐकू येतं, ते चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडच्या काही गावांत वर्षानुवर्षं जास्त फ्लोराइडचं बोअरचं पाणी पिण्यात आल्याने होतं. तुम्ही बोअरचं पाणी पीत असाल तर ग्रामपंचायतीला सांगून एकदा तपासून घ्या. पिण्याच्या पाण्यात लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड नको.

आता बाटली. ताई, ब्रशपेक्षाही मला या बाटलीची काळजी जास्त आहे. रात्री दहाला घासून साडेदहाला साखरेचं दूध तोंडात धरून झोपला, तर घासलेलं सगळं वाया. पण एका रात्रीत बाटली हिसकावू नका. नाहीतर तीन रात्री कोणी झोपणार नाही आणि चौथ्या रात्री बाटली परत येईल. आधी साखर काढा. दोन चमचे घालत असाल तर आजपासून दीड, तीन दिवसांनी एक, मग अर्धा, मग काहीच नाही. गाईच्या-म्हशीच्या दुधाला स्वतःची गोडी असते, बाळाला ती कळते. साखर निघाली की दुधाची वेळ अलीकडे आणा: जेवणानंतर, बसून, फुलपात्राने किंवा पेल्याने. त्यानंतर दात. दात झाले की सकाळपर्यंत फक्त पाणी. आपल्याकडे आत्ता चैत्र-वैशाखाच्या रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असतात. पोरं बरेचदा तहानेने उठतात आणि आपण भूक समजून बाटली देतो. आधी पाणी देऊन बघा.

अंगावर पीत असेल तर दातांसाठी म्हणून तोडू नका. दोन वर्षं आणि त्यापुढेही पाजायला हरकत नाही. फक्त रात्रभर स्तन तोंडात राहू देऊ नका, आणि झोपण्याआधी दात घासलेले असू द्या.

गोडाचं म्हणाल तर किती खाल्लं याच्यापेक्षा किती वेळा खाल्लं हे मोजा. प्रत्येक गोड घासानंतर साधारण अर्धा तास तोंडात आम्ल राहतं. जेवणात एक पुरणपोळी खाल्ली तर अर्धा तास. पण सकाळी चहात बुडवलेलं बिस्किट, दहाला खारी, बाराला गोळी, दुपारी पुन्हा बिस्किट असं चाललं, तर दाताला दिवसभर सावरायला वेळच मिळत नाही. केळं, आंबा, टरबूज खुशाल द्या. आपल्या जळगावचं केळं हे बाळाचं उत्तम खाणं आहे. बिस्किटं आणि वेफर मात्र दाढांच्या खाचांत चिकटून बसतात, ती कमी करा.

एक गोष्ट सांगावीशी वाटते. माझा धाकटा दोन वर्षांचा होता तेव्हा मी दवाखाना आटपून घरी येईपर्यंत तो झोपलेला असायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांचे दात बघून आलेली मी, त्याला उठवायला नको म्हणून तशीच झोपू द्यायची. तिसऱ्या वर्षी त्याच्या खालच्या दाढेत खड्डा सापडला. त्यानंतर आमच्याकडे दात घासायची वेळ संध्याकाळच्या जेवणानंतर लगेच, साडेसातला ठरली, आणि माझ्या सासूबाईंनी ती कधी चुकवली नाही. म्हणून तुम्हालाही सांगते, ‘झोपताना’ची वाट बघू नका. पोर पेंगुळलं की सगळ्यात जास्त चिडतं. जेवण झालं, दूध झालं, की लगेच.

रोज पुन्हा तेच करायचं म्हटलं की त्याला काहीतरी ओढ हवी. मी आयांना सांगते, दातांना नावं द्या. हा वरचा दात मामाचा, हा मावशीचा, ही दाढ फुईची म्हणजे आत्याची, ही मोठेबाबांची. ‘चला, फुईची दाढ धुऊ या’ म्हटलं की मूल ऐकायला थांबतं, पुढे कोणाची पाळी आहे ते त्याला हवं असतं. वरचे दात आधी आले की मामाला वाईट, असं आपल्याकडे म्हणतात. कोणी बोललं असेल तर मनावर घेऊ नका, दातांचा क्रम थोडा मागेपुढे होतो एवढंच. ब्रश दोन ठेवा. एक त्याच्या हातात, चावायला, आजीच्या तोंडाला लावायला, काहीही करायला. दुसरा तुमच्या हातात, कामाचा. आणि मिस्टरांना सांगा, साडेसात-आठला सुरतहून व्हिडिओ कॉल लावा आणि समोर उभे राहून स्वतःचे दात घासा. मोबाइलवर गाणी लावून तोंड उघडायला लावण्याच्या मी विरोधात आहे, कारण मोबाइल नसला की तोंड बंद. पण वडिलांना दात घासताना बघून पोर तोंड उघडत असेल, तर तो मोबाइल चालेल.

तुमच्या १४ दातांच्या हिशोबावरून त्याचे दोन सुळे अजून यायचे आहेत. त्या दिवसांत हिरडी फुगते आणि ब्रश नकोसा होतो. माठातल्या गार पाण्यात स्वच्छ कापड भिजवून, पिळून, ते त्याला चावायला द्या, मग घासा. दात येतानाचे म्हणून दुकानात मिळणारे हिरडी बधिर करणारे मलम लावू नका. आणि दात येताहेत म्हणून जोराचा ताप किंवा जुलाब होत नाहीत. उन्हाळ्यात तर जुलाबाला ‘दाताचे’ म्हणत घरी थांबणं फार धोक्याचं आहे. ओआरएस सुरू करा आणि डॉक्टरांकडे न्या.

एक नाजूक विषय राहिला. घरात कोणी मशेरी लावत असेल, तर ती डबी पोराच्या नजरेआड ठेवा. या वयात ते जे बघतं तेच करतं, आणि बोटाने दात घासणारी आजी त्याला सगळ्यात जवळची असते. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. टूथपेस्ट-दंतमंजनात तंबाखू घालायला सरकारने १९९२ मध्ये बंदी केली, पण घरी तव्यावर भाजली जाते तिला कोण अडवणार? राखुंडी, मीठ, कोळसाही बाळाच्या दातांना नको. त्यांच्या दातांचं कवच मोठ्यांपेक्षा पातळ असतं. आणि आजीने चावून मऊ केलेला घास भरवणं थांबवता आलं तर थांबवा, कारण आजीच्या तोंडातले किडीचे जंतू त्याच वाटेने नातवाकडे जातात. हे मात्र तुम्ही बोलू नका, मिस्टरांना बोलू द्या. लेकाने सांगितलेलं आईला लागत नाही.

दातांच्या डॉक्टरांना एकदा दाखवायचं आहेच. खरं तर पहिल्या वाढदिवसापर्यंतच दाखवावं, पण आता उशीर झाला म्हणून मनाला लावून घेऊ नका. चोपड्याच्या उपजिल्हा रुग्णालयात चौकशी करा. धुळ्याला दंत महाविद्यालय आहे, तिथे लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग असतो. अंगणवाडीत वर्षातून दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक मुलं तपासायला येतं. २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला या कार्यक्रमाची सुरुवात झाली. त्यांच्या तपासणीत दातही असतात, फक्त पथकाला ‘याचा ओठ उचलून बघा’ असं आपण सांगावं लागतं. पांढऱ्या रेघेवर डॉक्टर फ्लोराइडचा एक पातळ लेप लावतात. दोन मिनिटांचं काम, सुई नाही, मशीन नाही. कीड पुढे गेली असेल तर एक चांदीचं औषधही लावता येतं. त्याने किडलेली जागा काळी पडते पण कीड तिथेच थांबते, आणि एवढ्या लहान मुलाला दाढ कोरायच्या त्रासातून वाचवता येतं. तुमच्याकडे ती वेळ येईल असं पत्रावरून वाटत नाही.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आलीय. माहेरी जाल, झोके होतील, सांजोऱ्या होतील, आमरस होईल. बाळाला सगळं खाऊ द्या. पिशवीत त्याचे दोन्ही ब्रश आणि ती ट्यूब मात्र सगळ्यात वर ठेवा. तिथे संध्याकाळी साडेसातला समोर बसायला तुमची आई आहेच, आणि मामाचा दात कोणता, हे दाखवायला प्रत्यक्ष मामाही.